निवांतरावांनी कूस बदलली

बुधवार, ३ तारीख

अहो, पाहुणे जेवत असताना ताटावरून उठून जायचं ही कुठली रीत? बरं, उठलात तर उठलात, हात धुऊन आतल्या खोलीत जाऊन पडायचं. मागच्या दाराने चपला घालून सरळ बहिणीचं घर गाठायचं असतं का? मी बाहेर विहीणबाईंना सांगतेय, ह्यांना जरा मळमळतंय, पडलेत आत. जावई म्हणाला, मी बघून येतो. मी म्हटलं नको, डोळा लागला असेल. त्यावर सगळी पुन्हा हसली. मला काय ठाऊक आत कोणीच नाही ते. लेकीच्या लग्नानंतर तिच्या सासरची माणसं पहिल्यांदा घरी जेवायला आली, आणि मी एका रिकाम्या खोलीची राखण करत बसले.

फोन इथेच टाकून गेलात. तो वाजतो, मी उचलते. वन्संकडे फोन केला तर वन्सं म्हणतात, तो बागेत आहे. सकाळी बागेत, दुपारी बागेत. वन्संच्या दारात दोन कुंड्या आहेत, मी पाहिल्यात. दोन कुंड्यांत माणूस दिवसभर काय करतो ते एकदा कळवा.

म्हणून हे पत्र. मला लिहायला वेळ लागतो हे तुम्हाला माहीत आहे. चौथीत शाळा सुटली, त्यानंतर शिवणाच्या गिऱ्हाइकांच्या मापांशिवाय मी काही लिहिलेलं नाही. वर मायना लिहितात तो लिहीत नाही. कोणाला लिहितेय ते तुम्हाला कळतंय.

जावयाचं काय चुकलं? त्याने फोन काढला आणि तुमचा तो तुकडा लावला. त्याला बिचाऱ्याला कौतुक. आमचे सासरे सिनेमात होते, असं तो कचेरीत सांगत फिरतो. व्याही हसले. विहीणबाई तर डोळे पुसायला लागल्या. लेक हसली. आणि मी हसले. तुम्ही बाकी कोणाकडे पाहिलं नाहीत, माझ्याकडे पाहिलंत, आणि उठलात. तर ऐका. हसू आलं म्हणून हसले. त्याची माफी मी मागणार नाही, वाट बघू नका.

आता कामाचं. परवा दोन जण आले होते, एक मुलगा आणि एक आखूड केसांची मुलगी. जुने सिनेमे धुऊनपुसून पुन्हा नवे करायचं त्यांचं काम आहे म्हणे. तुमचा तो सिनेमा त्यांनी साफ केलाय. येत्या एकवीस तारखेला, रविवारी, जुन्या थेटरात मोठ्या पडद्यावर लावणार आहेत. मुलगी म्हणाली, ज्यांनी काम केलं त्यातले जे हयात आहेत ते सगळे येणार. मी म्हटलं, आमचे हयात आहेत, पण सध्या नणंदेकडे.

तिला गंमत वाटली. मला नाही वाटली.

तुम्ही पहिल्या रांगेत बसावं अशी त्यांची इच्छा आहे. खुर्चीवर नाव लावणार आहेत. मी म्हटलं, विचारून सांगते. तर विचारते आहे. येताय का?

दुकानाचे मालक दोनदा डोकावून गेले. तोट्यांचा नवा माल आलाय, तुमच्याशिवाय कोणाला कुठल्या आट्याची कुठली तोटी ते कळत नाही. मी सांगितलं, बहिणीकडे बाग करतायत.


मंगळवार, ९ तारीख

कार्ड मिळालं. "प्रकृती ठीक. स्वयंपाकघरातला नळ गळत असेल तर वॉशर डाव्या खणात आहे." हे बायकोला लिहिलंय की गिऱ्हाइकाला? आणि खाली, "सदर सिनेमाबद्दल मला काही कळवू नये." सदर सिनेमा. नोटीस काढलीत का माझ्यावर?

मी कळवणार. पत्र फाडायचं तर फाडा, पण तुम्ही फाडणार नाही हे मला माहीत आहे. तुम्ही बसची जुनी तिकिटंसुद्धा टाकत नाही.

इतकी वर्षं आपल्या घरात त्या सिनेमाचं नाव निघालं नाही. टीव्हीवर लागला की तुम्ही उठायचात आणि मी बंद करायचे. लेकीने शाळेतून येऊन विचारलं, बाबा, तुम्ही त्या पिक्चरमध्ये आहात का, तर तुम्ही म्हणालात, तो दुसरा कोणी. तिने ते मानलंसुद्धा. तेव्हा मी गप्प बसले. आता नाही बसत.

मला आठवतं ते लिहिते. चुकत असेल तर दुरुस्त करा, त्यासाठी तरी दोन ओळी जास्त लिहाल.

मेलेल्या माणसाचं काम तुमच्यासारखं कोणी करत नव्हतं. नायिकेचा बाप मेला की बोलवा निवांतरावांना. नाव सिनेमावाल्यांनीच पाडलं. लोकांना वाटतं पडून राहायचं त्यात काय. "कॅमेरा" म्हणायच्या आधी अर्धा श्वास सोडायचा, राहिलेला पोटात खाली ठेवायचा, छातीत नाही. बंद पापण्यांच्या आत डोळे पायांकडे लावायचे, म्हणजे बुबुळ हलत नाही. थुंकी गिळायची नाही. एकदा तुमच्या नाकावर माशी बसली, नायिकेने अख्खं रडणं संपवलं, माशी तिथेच, तुम्ही तिथेच. त्या नायिकेने येऊन तुम्हाला चिमटा काढून पाहिला होता. हे तुम्हीच मला किती वेळा सांगितलंत. घरी जमिनीवर पडून सराव करायचात आणि मी केर काढायला आले की म्हणायचात, थांब, अजून मेलो नाही.

मग तो सिनेमा आला. दिग्दर्शक तुम्हाला आवडायचा, खोटं बोलू नका. घरी येऊन गोष्ट सांगताना तुम्हाला हसू आवरत नव्हतं. सिनेमावाल्यांवरच सिनेमा. एक निर्माता, त्याला दर दहा मिनिटांनी रडू पाहिजे, तो प्रेक्षकांचे रुमाल पिळून बघायला माणूस ठेवतो. लेखकाला न्हाणीघरात कोंडलंय, तो दाराखालून एकेक पान सरकवतो आणि लोक वाचायच्या आधी ते हात पुसायला घेतात. हिरोला मरायचा सीन आहे पण त्याचा मामा त्याला मरू देत नाही, म्हणून त्याच्याऐवजी ऐन वेळी त्याचा बाप मारायचं ठरतं. तो बाप तुम्ही. तुम्ही म्हणालात, आयुष्यभर खऱ्या सिनेमात मेलो, आता खोट्या सिनेमातल्या खोट्या सिनेमात मरायचंय. किती खूश होतात.

आणि नेमकी तेव्हा लेक आजारी. आडवी ठेवली की तिचा श्वास घुसमटायचा, छाती वाजायची. डॉक्टर म्हणाले, उभीच धरा. मी बाळंतपणातून उठले नव्हते नीट. तुम्ही तिला खांद्यावर घेऊन भिंतीला टेकून उभे राहायचात, आणि सकाळी तोंडावर पाणी मारून स्टुडिओत. मी म्हटलं होतं, आज जाऊ नका. तुम्ही म्हणालात, अगं, पडून राहायचं काम आहे, तेवढाच आराम.

त्या दिवशी घरी आलात, लेकीला माझ्याकडून घेतलंत आणि म्हणालात, मी हललो.

मला आधी कळलंच नाही. मग सांगितलंत. हिरोचं भाषण लांबत गेलं, डोळा लागला, आणि सगळ्यांसमोर, कॅमेरा चालू असताना, मढ्याने कूस बदलली. जाग आली तेव्हा तुम्ही कुशीवर, आणि अंधार. दिवे बंद, फ्लोअरवर चिटपाखरू नाही. हसून हसून निघून गेले असतील, एकाने हाक मारली नाही, मेलेल्याला टाकून जातात तसं टाकून गेले, असं म्हणालात. मागच्या दाराने बाहेर पडलात आणि त्या दिग्दर्शकाचं तोंड पुन्हा पाहिलं नाहीत.

पुढचं मला जास्त आठवतं. तो सिनेमा आधी चालला नाही, मग टीव्हीवर लागला आणि घराघरात गेला. त्यानंतर तुम्ही कुठल्याही गंभीर सिनेमात आडवे झालात की थेटरात पोरं ओरडायची, आता वळणार, आता वळणार. नायिका रडतेय आणि लोक हसतायत. बोलावणी बंद झाली. तुम्ही तोट्यांच्या दुकानात लागलात, चांगलं काम केलंत, कधी कुरकुरला नाहीत. पण घरात तुम्ही उताणे झोपायला लागलात. सरळ, हात छातीवर. तुम्हाला वाटत असेल मला कळलं नाही.

नळ गळत नाही. मीच बसवला वॉशर. अक्षर वाकडं आलंय ते घाईत लिहिल्यामुळे, बाकी काही नाही.

एकवीस तारखेला या. नाही आलात तर मी एकटी जाईन.


सोमवार, २२ तारीख

आला नाहीत. कार्डही नाही. वन्सं फोनवर म्हणाल्या, तो ऐकत नाही गं, मी काय करू. वन्संचा आवाज रडवेला वाटला. त्यांना त्रास देऊ नका, त्यांचं वय झालंय.

मी गेले. एकटी जाणार होते, पण विहीणबाई सकाळीच दारात हजर. म्हणाल्या, त्या दिवशी मी फार हसले, मला ते टोचतंय, मी येते तुमच्याबरोबर. मी म्हटलं, आज तर आणखी हसाल. त्या म्हणाल्या, मग तोंडात पदर कोंबेन. बाई मोकळी आहे. मला उगाच वाटत होतं भारी असेल.

पहिल्या रांगेत तुमच्या नावाची खुर्ची होती. रिकामी. मी तिच्या शेजारी बसले, माझी पिशवी तुमच्या खुर्चीत ठेवली. कोणी बसायला आलं असतं तर मी भांडले असते.

सिनेमा चांगला आहे हो. तुम्ही सांगितलं होतं त्याहून चांगला. तो न्हाणीघरातला लेखक दाराखालून पान सरकवतो आणि बाहेरून कोणीतरी साबण सरकवतं, तिथे मी इतकी हसले की विहीणबाई माझ्याकडे बघायला लागल्या. आणि मग तुम्ही आलात.

जावयाच्या फोनवर तुम्ही करंगळीएवढे होता. इथे तुमचा कान माझ्याएवढा. कानामागचा तीळ दिसला. अख्खं थेटर तो तीळ बघतंय म्हणून मला लाज वाटली, तो तीळ माझ्याशिवाय कोणी पाहिलेला नाही. दाढी किती काळी होती तुमची. आणि डोळ्यांखाली किती काळं होतं, रंग लावूनही झाकलं नव्हतं.

आता मी त्या दिवशी का हसले ते सांगते, कारण तुम्ही विचारणार नाही. वळायच्या आधी तुम्ही उजवा पाय पोटाशी ओढून घेता. मग खांदा वळतो. मग हात गालाखाली जातो, पंजा उलटा. लग्न झाल्यापासून मी ते बघितलंय. जावयाच्या फोनवर पाय हलला आणि मला कळलं, आता वळणार. बाकीचे तुम्ही वळल्यावर हसले. मी आधी हसले. किती दिवसांनी तुम्ही मला तसे वळताना दिसलात, आणि ते फोनमध्ये. म्हणून हसले. पुढे विचाराल तर सांगता येणार नाही.

काल थेटरात लोक हसले. मोठ्याने हसले, खोटं कशाला सांगू. पण अहो, तो तुकडा तिथे संपत नाही. फोनवरचा संपतो. सिनेमात पुढे आहे.

तुम्ही वळता. तुमच्या उशाशी रडणारी ती हिरॉईन आहे ना, जी आधी विचारत असते कुठल्या डोळ्यातून रडू, ती रडता रडता थांबते. तुमच्या तोंडाकडे बघते. आणि चादर वर ओढून तुमच्या खांद्यावर घालते. मेलेल्याच्या तोंडावर घालतात तशी नाही. झोपलेल्याच्या खांद्यावर. मग ती ओठांवर बोट ठेवते. हिरो भाषण गिळतो. सिनेमातला तो दिग्दर्शक, सतत ओरडणारा, त्याने कर्णा तोंडाशी नेलेला असतो, तो खाली ठेवतो आणि बूट काढतो. सगळे बूट काढतात. निर्मातासुद्धा. दिवेवाला एकेक दिवा विझवत जातो, आणि सगळी पलटण हातात बूट घेऊन, चवड्यांवर, एकामागून एक दाराबाहेर. शेवटी एकच दिवा राहतो आणि तुम्ही. मग तोही जातो.

थेटरात आवाज नाही. विहीणबाई माझ्या कानात म्हणाल्या, "किती दमलाय हो हा माणूस." मी म्हटलं, "लेक आजारी होती." त्यांनी विचारलं, "कोणाची?" मी म्हटलं, "तुमची सून."

त्यांनी माझा हात धरला. दुखरा धरला नेमका. हो, दुखरा. दिवा बदलताना स्टुलावरून घसरले, मनगट सुजलंय. लेकीने पट्टी बांधली. तुमच्यावर ढकलत नाही, पण दिवे बदलायचं काम तुमचं आहे.

सिनेमा सुटल्यावर सगळे त्या दिग्दर्शकाभोवती. खराखुरा दिग्दर्शक. पार म्हातारा झालाय, काठी घेऊन बसलेला. मी लोकांना बाजूला सारलं आणि समोर जाऊन उभी राहिले. म्हटलं, मी निवांतरावांची बायको. आमच्या माणसाला अंधारात टाकून गेलात तुम्ही.

त्याने काठी बाजूला टेकवली. मग म्हणाला, "मुलीचा श्वास बरा झाला का?"

मी म्हटलं, तिचं लग्न झालं.

"वा," म्हणाला. "वा. तिला उभ्याने झोपवत होते ना, खांद्यावर?"

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"रंगवाल्याने. रंग लावता लावता हे खुर्चीतच पेंगले, तेव्हा त्याने काढून घेतलं सगळं. युनिटमध्ये सगळ्यांना माहीत होतं. म्हणून तर कोणी उठवलं नाही."

मी म्हटलं, मग ते बूट, ते दिवे, ते तुम्ही लिहिलं होतं ना? तो म्हणाला, नाही बाई. कागदावर तो सीन भाषणावर संपत होता. हे झोपले आणि त्या मुलीने चादर ओढली, ती तिच्या मनाने. मी कॅमेरा बंद करायला सांगणार होतो, पण तो सिनेमातला दिग्दर्शक बूट काढायला लागला. मग कोण बंद करतो. कॅमेऱ्यामागे आम्हीसुद्धा बूट काढले होते. दिवे खरेच विझवले. दुपारीच काम बंद केलं, माझ्या निर्मात्याने मला फाडून खाल्लं. दाराशी एक माणूस बसवला होता, जाग आली की ह्यांना घरी सोडायचं म्हणून.

मी म्हटलं, आमचे मागच्या दाराने गेले.

तो म्हणाला, "ते तो दाराशी बसवलेला अजून सांगतो. संध्याकाळपर्यंत बसून होता बिचारा, झोप मोडेल म्हणून खोकलाही नाही."

नंतर त्याने घरी माणूस पाठवला होता, तुम्हाला आठवत असेल. मला आठवलं. मी पुढच्या दारात उभी राहून घरी नाहीत म्हणत होते आणि तुम्ही मागून कुंपण ओलांडत होता. तो माणूस दोनदा आला. तिसऱ्यांदा आला नाही, त्याचं तरी काय चुकलं. एवढ्या वर्षांत कोणी सांगितलं कसं नाही, असं म्हणाल. तुम्ही कोणाला तोंड उघडू दिलंत? सिनेमाचं नाव निघालं की तुम्ही चपला शोधता.

निघताना म्हातारा म्हणाला, "त्यांना सांगा, मी आयुष्यभर लोकांना ढकलून हसवलं. ते एकच हसू असं आहे की त्याच्यामागून लोक गप्प होतात. ते माझं नाही, त्यांचं आहे." मी जसं ऐकलं तसं लिहिलंय, एक शब्द इकडेतिकडे असेल.

तुमचं काम गेलं ते गेलं. पोरं ओरडायची ती ओरडली. ते खोटं होतं असं मी म्हणत नाही, तुम्हाला लागलं ते मी पाहिलंय. पण तुम्हाला कोणी टाकून गेलं नव्हतं. इतकी सगळी माणसं हातात बूट घेऊन चालली, आणि तुम्ही ते पाहिलेलं नाहीत. घरात मी एकटीने ते जाणून काय करू? लेकीलाही अजून सांगितलेलं नाही. ते तुम्ही बघून तुम्हीच सांगायचं.

आणि उताणं झोपणं बंद करायचं.

येत्या रविवारी, अठ्ठावीसला, दुपारी पुन्हा लावतायत. गर्दी झाली म्हणून. म्हातारा येणार आहे, त्याच्यासमोर बसावं लागेल, ते मी आत्ताच सांगते, म्हणजे तिथे पोचल्यावर मागचं दार शोधू नका. नको असेल तर पहिली रांग नको, मागे बसू, अंधार झाल्यावर शिरू. पण मी पुन्हा एकटी जाणार नाही. विहीणबाईंबरोबरही नाही.

मनगटामुळे हे पत्र तीन बैठकांत लिहिलंय, तेव्हा एका ओळीचं कार्ड पाठवून माझी बोळवण करू नका. वन्संकडून निरोप नको, जावयाकडून नको. येताय की नाही ते तुमच्या हाताने लिहा. शनिवारच्या टपालात मला उत्तर पाहिजे.